उसन्या फळ्या

वाल्देनोरने खांबाकडे बोट दाखवलं:
काल संध्याकाळी पाणी खिळ्याच्या खाली होतं,
आज खिळा दिसत नाही.

म्हणजे आज जमीन उचलायची.

बाहेरच्यांना हे सांगितलं की हसतात.
सोलिमोंइसच्या काठी हे घरकामच आहे,
चुलीतली राख काढण्याइतकं.
फळ्या उखडायच्या, खाली ठोकळे सारायचे,
वीतभर वर पुन्हा मांडायच्या.
मांजर, झोळ्या, कसाव्याच्या पिठाचं पोतं
आधी या कोपऱ्यात, मग त्या.
छप्पर आहे तिथेच.
आपणच त्याच्या जवळ जातो.

एप्रिलात मी तुळईखालून सरळ चालत होते.
मे महिन्यात अंबाडा सोडला, तो अडकायला लागला म्हणून.
जूनमध्ये मी वाकून भात ढवळते,
वाकून भांडते,
आणि वाकल्यावर आवाज चढत नाही, हे नव्यानेच कळलंय.
हात टेकलेत मी.
नदीपुढे नाही, छपराला.

जोझिएल खूश आहे. सहा वर्षांचा,
घरात ताठ उभा राहणारा तो एकटाच.
झोळीतूनच फटीत गळ सोडतो
आणि नाश्त्याला मासा देतो.
रात्री आमच्या पाठीखालून काहीतरी घासत जातं.
"मगर?" तो विचारतो.
"ओंडका," मी म्हणते.
मग दोघं ऐकत राहतो,
ओंडका वळतो का ते.

गायी तराफ्यावर, एकमेकींच्या अंगाला अंग लावून.
पुरुष पहाटे होड्या घेऊन गवत कापायला जातात,
दरवर्षी थोडं आणखी लांब.
कोथिंबीर खांबांवर चढवलेल्या जुन्या होडीत.
फुटली म्हणून टाकून दिली होती ती;
आता आत माती, बाहेर पाणी.

शनिवारी ओतासिलियोच्या फळ्या संपल्या.

त्याच्याकडे जास्तीच्या सहा होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं.
ऑक्टोबरात, नदी लांब गेलेली असताना,
त्याने त्यांची बायकोसाठी पेटी केली.
हेही सगळ्यांना ठाऊक होतं,
पण पेटीकडे बघताना फळ्या कोण मोजतं?

सरकारी लाँच आली. भोंग्यातून म्हणाली,
शहरात चला, शाळेच्या मैदानावर तंबू आहेत, गाद्या आहेत.
त्याने पूर्ण ऐकून घेतलं.
गुडघाभर पाण्यात उभं राहून
तिघांना कॉफी दिली, कप परत घेतले.

अंधार पडायच्या आत झुल्मीरा आली.
तिच्या दुकानाची मांडणी सोडवलेली, तेलाच्या डब्यांचे गोल उमटलेले.
दोन प्रार्थनाघरांत बोलणं नाही,
दोन्हींकडून एकेक बाक आलं.
बाईंनी शाळेतला एक बाक होडीला बांधून ओढत आणला.
मी आमच्या झोळीखालची फळी दिली, कुणाला न विचारता.
त्या रात्री वाल्देनोर त्या भोकात पडला, कमरेपर्यंत.
निथळत वर आला आणि म्हणाला,
विचारलं असतंस तर दोन दिल्या असत्या.

जुने खिळे दगडावर सरळ करत
मुलं कंदिलाशी बसली होती.
हातोड्यांचा आवाज पाण्यावरून जातो तसा जात होता,
आधी दिसायचा, मग ऐकू यायचा.

ऑगस्टात पाणी उतरलं.
चिखल, वास, भट्टीत वेटोळं घालून एक साप.
मी चार महिन्यांनी घरात ताठ उभी राहिले
आणि चक्कर आली.

ओतासिलियो खांद्यावर फळ्या घेऊन दारोदार फिरला.
ज्याची त्याला. बहुतेक.
म्हातारा आहे, दिसत कमी;
आमच्याकडे शाळेच्या बाकाची फळी आली,
आमची कुठे गेली, कोण जाणे.
खालच्या बाजूला वाळलेलं च्युइंगगम
आणि चाकूने कोरलेलं नाव, रोझिमेइरे,
शेवटचं अक्षर अर्धं.
बाई आल्या असणार.

बदलून मागितली नाही मी.
चुलीपुढे बसवली, नाव वर ठेवून.